पाठीवर सॅक, पाय सरोवरात

नोव्हेंबर उजाडला की वाशीच्या घाऊक बाजारात हापूसच्या पेट्या दिसू लागतात. कोकणातल्या झाडांना तेव्हा धड मोहोरही आलेला नसतो. हा आंबा येतो आफ्रिकेतल्या मलावी देशातून, कोकणातूनच नेलेल्या कलमांवर तिथे पिकलेला. बहुतेक मराठी माणसांची मलावीशी ओळख या पेटीपुरतीच. मात्र कमी पैशांत जग पाहायला निघालेली तरुण मंडळी हा देश गेली कित्येक दशके वेगळ्याच कारणाने ओळखतात, ते म्हणजे तिथले सरोवर. आता पाठीवर सॅक टाकून निघणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलामुलींच्या यादीतही केनिया-टांझानियाच्या पुढे मलावीचे नाव दिसू लागले आहे. म्हणून या सरोवराच्या पाण्यात काय असते, हे तिकीट काढण्याआधी समजून घेतलेले बरे.

मलावी सरोवराची लांबी सुमारे ५८० किलोमीटर, म्हणजे रस्त्याने मुंबई ते पणजी जवळपास तेवढी. सर्वांत खोल जागी ते ७०० मीटर खोल आहे. आफ्रिकेतल्या सरोवरांत आकाराने त्याचा क्रमांक तिसरा. माशांच्या जाती इथे इतक्या आहेत की जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सरोवरात तेवढ्या नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक या सरोवराबाहेर कुठेच सापडत नाहीत. घरातल्या काचेच्या टाकीत निळे-पिवळे सिक्लिड मासे पाळणाऱ्यांना हे ठाऊक असेल. त्यांच्या टाकीतल्या अनेक माशांचे पूर्वज इथलेच. दक्षिण टोकाच्या केप मॅक्लिअर परिसरात १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्या उद्यानाला लागून चेम्बे नावाचे कोळ्यांचे मोठे गाव आहे. उत्तरेला न्खाता बे हे डोंगरउतारावर वसलेले छोटे बंदर आहे. कमी पैशांत फिरणाऱ्यांचे तळ या दोन ठिकाणी पडतात.

इथला दिनक्रम ठरलेला असतो. डॉर्मिटरीत एक खाट घ्यायची, नाहीतर अंगणात तंबू ठोकायचा. पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात, मक्याच्या पोत्यांवर बसून गाव गाठायचे. या गाड्यांना तिथे ‘मटोला’ म्हणतात. जेवायला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सोबत चांबो मासा. दिवसभर पाण्यात. पाणी इतके नितळ की उभ्या उभ्या स्वतःच्या पायाची बोटे दिसतात. समुद्र नव्हे, त्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत. लाटा बेताच्या, खाली मऊ वाळू. अखंड खोडातून कोरलेली होडी वल्हवायचा प्रयत्न करायचा, ती उलटायची, सगळ्यांनी हसायचे. कपडेही तिथेच धुवायचे, आणि अनेक स्वस्त मुक्कामांच्या न्हाणीघरात येणारे पाणीही पंपाने थेट सरोवरातून उचललेले.

परतताना मुक्कामातले कोणीतरी अनुभवी भिडू नव्याला सांगतो, ‘बिल्हार्झियाच्या गोळ्या घेऊन ठेव हं. सगळ्यांनाच होतो तो. घरी गेल्यावर गोळ्या घ्यायच्या, संपला विषय.’ गोळ्या गावातल्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात. हा सल्ला निम्मा बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्याने काही जणांना फार महागात पाडले आहे.

गोगलगाईच्या पोटातून

बिल्हार्झिया हे नाव थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरवरून पडले. कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना १८५१ मध्ये त्याला माणसाच्या रक्तवाहिनीत राहणारा एक कृमी सापडला. वैद्यकाच्या पुस्तकात आजाराचे नाव शिस्टोसोमियासिस. आजार मात्र बिल्हार्झपेक्षा कितीतरी जुना. १९१० मध्ये मार्क आर्मंड रफर यांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन ममींच्या मूत्रपिंडात याच कृमीची अंडी सापडली होती. माणसापर्यंत तो पोचतो कसा, हे कोडे सुटायला १९१५ उजाडावे लागले. रॉबर्ट लायपर यांनी इजिप्तमध्ये दाखवून दिले की मधला मुक्काम गोगलगाईच्या पोटात असतो.

हा प्रवास सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण बचावाचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. बाधित माणसाच्या लघवीतून किंवा शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती गोड्या पाण्यात पोचली तर फुटतात आणि त्यांतून सूक्ष्म अळी बाहेर येते. तिच्याकडे वेळ फार थोडा, फार तर एक दिवस. तेवढ्यात तिला ठरावीक जातीची गोगलगाय सापडली पाहिजे. सापडली तर ती आत शिरते आणि तिथे एकीच्या हजारो होतात. चार-सहा आठवड्यांनी गोगलगाईतून दुसऱ्या रूपातल्या, शेपटीला फाटा असलेल्या अळ्या बाहेर पडू लागतात. त्या उजेडाच्या इशाऱ्यावर बाहेर येतात. मलावीत जास्त आढळणाऱ्या ‘शिस्टोसोमा हिमॅटोबियम’ या जातीच्या अळ्यांची गर्दी भर दुपारच्या आसपास सर्वांत जास्त असते. पोहायला सगळ्यात छान वाटते ती हीच वेळ!

या अळीला तोंडावाटे पोटात जावे लागत नाही, जखमही लागत नाही. माणसाची धडधाकट कातडी तिला पुरते. काही मिनिटांत ती शेपूट बाहेर टाकून आत शिरते. पुढे रक्ताबरोबर फुप्फुसे, मग यकृत. तिथे वाढून नर-मादीची जोडी जमते. नराच्या अंगाला लांबट खाच असते आणि बारीक मादी त्या खाचेत कायमची राहते. ही जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये जाऊन स्थायिक होते आणि मादी रोज अंडी घालत राहते. सर्वसाधारणपणे हे कृमी काही वर्षे जगतात, पण बाधित प्रदेश सोडून तीन दशके उलटल्यावरही माणसाच्या शरीरात जिवंत कृमी आढळल्याच्या नोंदी आहेत.

गंमत अशी की मोठा कृमी स्वतः फारसा त्रास देत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवत तो गुपचूप राहतो. खरा त्रास अंड्यांचा. त्यातली काही लघवीवाटे बाहेर पडतात, पण बरीचशी मूत्राशयाच्या भिंतीत, गर्भाशयमुखात, आतड्यात, यकृतात अडकून बसतात. शरीर त्यांच्याभोवती सूज आणि व्रण तयार करते. वर्षानुवर्षे असे चालू राहिले की लघवीतून रक्त, मूत्रमार्ग चोंदणे, मूत्रपिंडाचे नुकसान, आणि अखेरीस मूत्राशयाच्या कर्करोगापर्यंत मजल जाते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत.

वाळूवर भरवसा होता

जुन्या प्रवास-मार्गदर्शकांत एक सल्ला हमखास असायचा. साचलेले पाणी, लव्हाळे, गवत यांच्यापासून दूर राहा. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर पोहायला हरकत नाही. त्याला आधार होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मलावी सरोवराचे खुले किनारे बिल्हार्झियापासून मुक्त मानले जात. ज्या गोगलगाईत हा कृमी वाढतो ती ओहोळात आणि आडोशाच्या पाण्यात राहणारी, लाटा सोसणारी नव्हे, अशी समजूत होती.

मग चित्र पालटले. केप मॅक्लिअरच्या शाळकरी मुलांच्या लघवीत अंडी मोठ्या प्रमाणात दिसू लागली. शोध घेतल्यावर आणखी एक गोगलगाय या साखळीत सामील असल्याचे निष्पन्न झाले. तिचे नाव ‘बुलिनस न्यासॅनस’. ही उघड्या किनाऱ्याच्या उथळ पाण्यात राहते आणि दिवसा चक्क वाळूत पुरून घेते. म्हणजे पोहणाऱ्याला दिसते ती स्वच्छ, रिकामी वाळू, आणि धोका असतो त्याच वाळूच्या पोटात.

पण ही गोगलगाय काही नव्याने आलेली नव्हती. मग आताच काय झाले? शास्त्रज्ञांचे बोट माशांकडे वळले. सरोवरातला ‘ट्रेमॅटोक्रॅनस प्लॅकोडॉन’ हा सिक्लिड मासा गोगलगाई खाऊन जगतो. त्याच्या घशात दाढांसारख्या दातांचा दुसरा जबडा असतो आणि त्यात तो शंख सुपारीसारखा फोडतो. किनाऱ्यालगत बारीक आसाची जाळी ओढून होणारी मासेमारी वाढली, हे मासे उथळ पाण्यातून कमी झाले आणि गोगलगाईंना रान मोकळे मिळाले. जे. आर. स्टॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हा संबंध मांडला. लोकवस्ती वाढणे, शौचालयांचा अभाव, डोंगरावरची जंगले तुटून सरोवरात येणारा गाळ ही कारणेही त्याला जोडली पाहिजेत, सगळे खापर एका जाळ्यावर फोडता येणार नाही. तरीही ताटातला मासा आणि लघवीतले रक्त यांचा असा संबंध निघावा, हे विलक्षणच. त्यात आणखी एक भर. आफ्रिकेतल्या अनेक सरोवरांकाठी मलेरियाविरोधात फुकट वाटलेल्या मच्छरदाण्या मासे धरायला वापरल्या जातात. त्यांच्या बारीक आसातून माशाचे पिल्लूही सुटत नाही.

२०१७ नंतर तर मलावी सरोवरात दुसऱ्या जातीची, ‘बायोम्फॅलॅरिया’ गटातली गोगलगाय नोंदवली गेली आणि तिच्यासोबत आतड्यांचा बिल्हार्झिया देणारा ‘शिस्टोसोमा मॅन्सोनी’ हा कृमीही या किनाऱ्यावरच्या मुलांत दिसू लागला.

दोन स्वयंसेवकांची गोष्ट

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत जगाचे डोळे उघडले ते १९९२ मध्ये. अमेरिकन सरकारच्या पीस कोअर योजनेतून मलावीत काम करणाऱ्या दोन स्वयंसेवकांना मज्जासंस्थेचा आजार झाला. निदान झाले बिल्हार्झियाचे. अंडी वाट चुकून मज्जासंस्थेपर्यंत पोचली होती. दोघेही केप मॅक्लिअरला पाण्यात उतरलेले होते. त्यानंतर मलावीत राहणाऱ्या आणि तिथे येऊन गेलेल्या शेकडो परदेशी लोकांचे रक्त तपासण्यात आले. जवळपास एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या कृमीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. हा अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बाधा झालेल्यांतल्या अनेकांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताही नव्हता.

पाठीच्या मज्जारज्जूत अंडी अडकली तर पाय बधिर होणे, चालताना अडखळणे, लघवी तुंबणे असा त्रास काही दिवसांत उभा राहू शकतो. हे क्वचित घडते, हे आवर्जून सांगायला हवे. पण घडते तेव्हा उपचारातला प्रत्येक दिवस मोलाचा असतो. आणि ते बहुतेकदा पहिल्यांदाच बाधा झालेल्यांत, म्हणजे प्रवाशांत, मोठा कृमीभार नसतानाही घडू शकते. ‘एकदाच तर उतरलो होतो’ हे वाक्य इथे कामाला येत नाही.

त्या मानाने नेहमीची लक्षणे साधी, आणि म्हणूनच फसवी. पाण्यातून बाहेर आल्यावर काही तासांत अंगाला खाज किंवा पुरळ; तेही सगळ्यांना होत नाही. मग तीन ते आठ आठवडे शांतता. त्यानंतर काहींना ताप, रात्री घाम, कोरडा खोकला, अंगावर गांधी, पोट बिघडणे. याला कातायामा ताप म्हणतात. कातायामा हे जपानमधल्या हिरोशिमा भागातले ठिकाण. तिथल्या भातशेतकऱ्यांच्या या दुखण्याचे वर्णन एका स्थानिक वैद्याने १८४७ मध्येच करून ठेवले होते. (जपानने गोगलगाईंविरुद्ध शेतकालव्यांत सिमेंट घालण्यापर्यंत मजल मारून हा आजार विसाव्या शतकाच्या अखेरीस देशातून घालवला. तो किस्सा स्वतंत्रपणे वाचण्यासारखा आहे.)

ताप येतो तेव्हा प्रवासी घरी परतून महिना झालेला असतो. ऑफिस सुरू झालेले, फोटो टाकून झालेले. डॉक्टर डेंगी तपासतात, टायफॉइड तपासतात, छातीचा एक्स-रे काढतात. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा ‘ॲलर्जी’ किंवा ‘जंत’ असा लावला जातो. अल्बेंडाझोलची गोळी देऊन रुग्णाला घरी पाठवले जाते. त्या गोळीने हा कृमी मरत नाही. ताप आपसूक उतरतो, सगळ्यांना वाटते बरे झाले.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक चुकामूक होते. अंडी गर्भाशयमुखात आणि योनिमार्गात अडकल्याने पांढरे जाणे, संबंधांच्या वेळी दुखणे, रक्त जाणे असे त्रास होतात आणि त्यांचे निदान लैंगिक आजार म्हणून केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी ६० लाख स्त्रिया आणि मुलींना असा त्रास असावा. बहुतेक जणी आफ्रिकेतल्या, ज्यांना धुणी-भांडी आणि पाणी भरणे यासाठी रोज सरोवरात उतरावेच लागते.

आपल्या डॉक्टरांना हा आजार चटकन आठवत नाही, यात त्यांचा दोष थोडा. भारतात तो मोठ्या प्रमाणावर कधी पसरलाच नाही. तरी एक अपवाद आहे, आणि तो आपल्याच घरातला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावात लोकांच्या लघवीतून रक्त जाण्यामागे हाच कृमी असल्याचे गाडगीळ आणि शहा या मुंबईच्या डॉक्टरांनी १९५२ मध्ये दाखवून दिले. गावातली माणसे नदीच्या पाण्यात उतरत आणि तिथल्या ‘फेरिसिया टेन्युइस’ या चिमुकल्या, टोपीसारख्या शंखाच्या गोगलगाईकडे संशयाची सुई वळली. भारतातले या आजाराचे इतके तपशीलवार नोंदलेले दुसरे केंद्र नाही. परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत गिमवीचे नाव आजही येते. गुहागरच्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल, कोण जाणे. आपल्या भातखाचरांत काम करणाऱ्यांच्या पायांना येणारी खाज कधी कधी याच कुळातल्या, पण गुराढोरांच्या किंवा पक्ष्यांच्या कृमींच्या अळ्यांमुळे असते. त्या माणसाच्या कातडीतच मरतात, पुढे जात नाहीत.

आणि हे सगळे आफ्रिकेपुरतेच आहे असेही नाही. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या काव्हू नदीत डुंबलेल्या पर्यटकांना मूत्राशयाचा बिल्हार्झिया झाल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. त्यातल्या अनेकांनी आफ्रिकेत पाऊलही टाकले नव्हते.

गोळी कधी, हाच प्रश्न

आता त्या मुक्कामातल्या अनुभवी भिडूच्या सल्ल्याकडे. औषध तेच, प्राझिक्वांटेल. १९७० च्या दशकातले हे औषध स्वस्त आहे, बहुतेकांना सोसते आणि आपल्याकडेही फीतकृमींसाठी वापरले जाते. बिल्हार्झियासाठी त्याची मात्रा वजनावर ठरते. या औषधाआधीचा काळ आठवला तर त्याची किंमत कळते. इजिप्तमध्ये पूर्वी अँटिमनीयुक्त औषधाची इंजेक्शने गावोगावी, नीट न उकळलेल्या त्याच त्या सुयांनी दिली गेली आणि बिल्हार्झियाच्या जोडीने हेपटायटिस-सी घराघरांत पोचला.

प्राझिक्वांटेलची एक मर्यादा मात्र ‘गोळ्या घे, संपला विषय’ म्हणणाऱ्यांना ठाऊक नसते. ते वाढ झालेल्या कृमीला मारते. कोवळ्या, पहिल्या काही आठवड्यांतल्या कृमीवर त्याचा प्रभाव फार कमी. सरोवर सोडताना, बसमध्ये बसायच्या आधी गोळ्या गिळल्या तर त्या बहुतांशी वाया जातात आणि वर मनाला खोटा दिलासा मिळतो. शेवटचा पाण्याचा संपर्क झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी औषध द्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. गरज पडल्यास ते पुन्हा दिले जाते. ताप चालू असताना किंवा मज्जासंस्थेची लक्षणे असताना ते स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे, कारण मरणाऱ्या कृमींमुळे सूज वाढू शकते. अशा वेळी स्टेरॉइड आधी द्यायचे का, हे डॉक्टरच ठरवतील.

तपासणीचेही तसेच. प्रतिपिंडांची रक्तचाचणी दोन महिन्यांच्या आत केली तर बाधा असूनही ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. आठ ते बारा आठवड्यांनी करावी. ही चाचणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होईलच असे नाही. मोठ्या शहरातल्या संसर्गरोगतज्ज्ञाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी. एकदा बाधा होऊन गेली की प्रतिपिंडे उपचारानंतरही वर्षानुवर्षे दिसतात, त्यामुळे ‘अजून पॉझिटिव्ह आहे’ म्हणून घाबरायचे कारण नाही. अंड्यांसाठी लघवी तपासायची तर नमुना सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतला हवा, कारण अंडी तेव्हाच जास्त पडतात. सकाळी उठल्या उठल्या दिलेला नेहमीचा नमुना इथे उपयोगाचा नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच असावे: ‘मी अमुक महिन्यात मलावीत सरोवरात पोहलो होतो.’ तेवढ्याने तपासाची दिशा बदलते.

लस नाही. पाण्यात न उतरणे हाच पक्का उपाय, पण निळ्याशार पाण्यासमोर बसून हा उपाय किती जण पाळतील? निदान धोका कुठे कमी-जास्त ते तरी कळावे. गावाच्या धुण्याच्या घाटाजवळ, ओढा सरोवराला मिळतो तिथे आणि दुपारच्या वेळी उथळ पाण्यात रेंगाळणे सगळ्यात वाईट. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात बोटीतून उतरणाऱ्याला धोका कमी, शून्य नव्हे; आणि बोटीतून उतरून गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर येताना तो पुन्हा वाढतो. स्वस्तात राहणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी एक प्रश्न जरूर विचारावा: न्हाणीघरातले पाणी कुठून येते? विहिरीचे, कूपनलिकेचे असेल तर उत्तम. सरोवराचे असेल तर ते टाकीत दोन दिवस ठेवलेले असावे. तेवढ्या वेळात अळ्या मरतात, कारण माणूस सापडला नाही तर त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचेच असते. नाहीतर एक मिनिट उकळी आणलेले पाणी थंड करून वापरावे. चुकून पाय ओले झालेच तर टॉवेलने लगेच खसखसून पुसावे; थोडा उपयोग होतो, भिस्त त्यावर ठेवू नये. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणि क्लोरिन घातलेल्या तलावात हा आजार होत नाही.

या सगळ्यात मलेरिया विसरला जाऊ नये, कारण बिल्हार्झिया वर्षांनी छळतो आणि मलेरिया आठवड्याभरात जीव घेऊ शकतो. मलावीत तो वर्षभर असतो आणि बहुतेक वेळा मेंदूपर्यंत जाणाऱ्या फाल्सिपॅरम जातीचा. ‘आपण भारतातले, आपल्याला मलेरियाची सवय आहे’ असा एक गोड गैरसमज आपल्या प्रवाशांत आढळतो. शहरात वाढलेल्या माणसाला अशी काही प्रतिकारशक्ती नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू करून परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. परतीनंतर आलेला कुठलाही ताप त्याच दिवशी मलेरियासाठी तपासावा; बिल्हार्झियाचा विचार त्यानंतर. जाण्या-येण्याची वाट इथिओपिया किंवा केनियातून असेल आणि तिथे मुक्काम करायचा बेत असेल तर पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, म्हणून ऐनवेळी धावपळ करून उपयोग नाही.

चेम्बेतल्या मुलांसाठी मात्र हे वेळापत्रक लागू होत नाही. पाहुणा सरोवर सोडून जातो, आठ आठवडे मोजतो, गोळी घेतो आणि मोकळा होतो. तिथल्या मुलाला शाळेत वर्षातून एकदा गोळ्या मिळतात. औषध बनवणारी मर्क कंपनी त्या आफ्रिकेसाठी जागतिक आरोग्य संघटनेला मोफत देते. मुलगा बरा होतो आणि त्याच संध्याकाळी आईबरोबर भांडी घासायला पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. जगात २५ कोटींहून अधिक लोकांना या आजारासाठी प्रतिबंधक उपचाराची गरज आहे आणि त्यातले दहापैकी नऊ आफ्रिकेत राहतात. शाळेत न जाणारी लहान बाळे तर या मोहिमांतून वर्षानुवर्षे सुटत होती. मोठ्यांची गोळी कडू आणि आकाराने मोठी, ती ठेचून द्यावी लागे. तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाण्यात विरघळणारी वेगळी गोळी तयार झाली असून जागतिक आरोग्य संघटनेने तिला २०२४ मध्ये पूर्वमान्यता दिली आहे. ती सरोवराकाठच्या गावांपर्यंत पोचवण्याचे काम आता सुरू होत आहे.